गॅरेजातला माकिवारा

मी एक जुना माकिवारा आहे, म्हणजे कराटेवाल्यांचे ठोसे खाणारा खांब. पण मित्रांनो, खरं सांगतो, मी जन्माचा भित्रा! कोणी मूठ वळली की माझी पाचावर धारण बसते.

एकनाथरावांनी मला अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या घरी गॅरेजात उभं केलं. आमच्या जातीला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळतात. ती इथे कुठली मिळायला? त्यांनी नागपूरहून बॅगेत कोंबून आणलेला सुंभ गुंडाळला. मेला काथ्याच तो, सालटी काढणारच. त्यांच्या निबर मुठींना काही वाटायचं नाही.

ठोसे मारता मारता ते नऊ वर्षांच्या लेकीला, इशिताला, सांगायचे, "ओकिनावा बेटावर कराटेला नुसतं 'ते' म्हणायचे, म्हणजे हात. त्यात चिनी विद्या मिसळली. मग जपानच्या शाळांत गेलं, पवित्रे लांब झाले, नाव पडलं कराटे, म्हणजे रिकामा हात. युद्धानंतर सैनिकांनी अमेरिकेत आणलं. आणि आता तुमच्या कराटेच्या क्लासात? जाड ग्लोव्ह्ज घालून पॉइंट मोजतात. खेळ झाला नुसता!"

पोरीचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती चोरून माझ्याकडे येऊ लागली. कोवळ्या हाडांना मी वर्ज्य, हे तिला बजावलेलं होतं. तरी ती रोज मारायची. अगं, नको गं, असं मी मनात ओरडायचो. लाकडाचं कोण ऐकतं?

दोन हजार पाचच्या त्या हिवाळ्यात शाळेतल्या बाईंना तिचे सोललेले हात दिसले. त्यांनी विचारलं, तर इशिताने हात पाठीमागे लपवले. बाईंनी वर कळवलं. शुक्रवारी दुपारी काउंटीची, म्हणजे मुलांना घरी कोणी मारतं का ते बघणाऱ्या सरकारी खात्याची, एक बाई दारात उभी.

गॅरेजचं दार उघडंच होतं, मला सगळं दिसत-ऐकू येत होतं. इशिताची आई सुलेखाताई कुजबुजल्या, "अहो, इशूला घेऊन जातील का हो?"

"काहीतरीच काय!" एकनाथराव म्हणाले.

काउंटीच्या बाईंनी इशिताला शांतपणे विचारलं, "तुला कोणी मारतं का?" इशिता मान खाली घालून बसली. खरं बोललं तर बाबा मला उखडून टाकतील, ही तिला धास्ती. मी मनात ओरडत होतो. सांग ना गं बाळा, माझं काय व्हायचं ते होऊ दे!

शेवटी ती उठली. बाईंचा हात धरून माझ्यापाशी आली. सुंभावर रक्ताचे डाग होते.

"आय डिड इट. एव्हरी डे. बाबाला रिअल कराटे हवं होतं."

एकनाथराव तिच्यासमोर खाली बसले. "चुकलं गं माझं," म्हणत त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. बाईंनी डॉक्टरकडे न्यायला सांगितलं, पुन्हा येईन म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच दिवशी एकनाथरावांनी मला खोलून भिंतीशी आडवं ठेवलं. इशिता खूप रडली. मला मात्र हायसं वाटलं.

मित्रांनो, कुठे दुखत असेल तर लपवू नका रे. मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.