कर्नलची चकाकती सळई

कुवेतमधली लढाई संपून दोन महिने झाले होते, आणि रणगाड्यांच्या तळावर अमेरिकन फौजेला आता एकच शत्रू उरला होता: रिकामा वेळ. कर्नल हॅलोरननी त्यावर उपाय काढला. जे जे दिसेल ते चकाकलं पाहिजे. बूट, पट्ट्यांची बक्कलं, जीपची चाकं, सगळं.

त्या दिवशी दारूगोळा विभागाची सार्जंट ओडेसा टॅकेट कर्नलच्या तंबूपाशी आली, तर त्यांचा ड्रायव्हर मेब्री सावलीत बसून शीळ घालत वीतभर लांबीची जाड सळई पॉलिश कागदाने घासत होता. ठिणग्या उडत होत्या. रणगाडे फोडणाऱ्या अमेरिकन गोळ्याच्या पोटातली युरेनियमची सळई ती. शत्रूच्या जळक्या गाडीतून कर्नलनी आठवण म्हणून उचललेली.

"मेब्री, किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे, सार्जंट. भारी चीज आहे. सकाळी चांदी, संध्याकाळी काळी ठिक्कर. अन् चार जुलैची आतषबाजी फुकट."

"तोंडाला फडकं का नाही बांधलं?"

"फडकं सळईला लागतं ना."

अख्खी सळई हाताळून फारसं बिघडत नाही. पण तिची पूड नाकातोंडात गेली की मूत्रपिंडं धरते. हे सांगणारा कागद लढाईआधीच आला होता. वरच्या शहाण्यांनी तो फायलीला लावला आणि पोरांना नुसतं शाब्बास म्हणून धाडलं. शाब्बासकीने फुफ्फुसं धुतली जात नाहीत.

तिने मेब्रीला हात-तोंड धुवायला पिटाळलं, सळई ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद केली आणि आत गेली.

"जागेवर ठेव ती," कर्नल म्हणाले. "ती याच टेबलावर असते, अन् इथेच मी रोज जेवतो. काही झालंय मला?"

"तेच तपासायचंय, सर."

"हुकूम आहे, टॅकेट."

ऐकलं असतं तर मेब्री उद्या पुन्हा घासायला बसला असता. तिने खिशातून धोक्याच्या इशाऱ्याची पिवळी पट्टी काढली आणि टेबल, खुर्ची, कर्नल, सगळ्यांना वेढा घातला.

"पट्टीबाहेर तुमचा हुकूम, सर. आत दारूगोळा विभागाचा. आणि तुम्ही आत आहात."

दाराशी गर्दी जमली. कर्नलनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणीच नजर देईना.

"बाहेर कसं यायचं?"

"बूट तिथेच काढा, हात धुवा. आणि हा कॅन घ्या. चोवीस तासांची लघवी यात, थेंब न सांडता."

"मलाही दिलाय, सर," गर्दीतून मेब्री म्हणाला. "पण तुमचा मोठा दिसतोय. हुद्द्याप्रमाणे असेल."

आधी कर्नलच हसले.

दुसऱ्या दिवशी ते बगलेत कॅन घेऊन परेडला आले, तेव्हा उरलेल्यांची भीड चेपली. टॅकेटच्या तंबूपुढे रांग लागली. कुणी खाटेखालून तसल्याच सळयांचे तुकडे काढले, कुणी बुटातून. एकाने खाली मान घालून सांगितलं, "माझी सळई तंबूला खुंटी म्हणून ठोकलीय. उपटली तर तंबू पडेल."

"पडू दे."

मेब्रीचा अहवाल तिसऱ्या आठवड्यात आला. लघवीत थोडं युरेनियम सापडलं होतं, पण काळजीच्या रेषेच्या खूप खाली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याने तो कागद तीनदा वाचून दाखवला.

"मग आता मी काय घासू, सार्जंट?"

"दात," टॅकेट म्हणाली.