साहेबी ब्रीफकेस आणि मॅग्नोलिया घराणं

मित्रांनो, मी एक जुनी ब्रीफकेस आहे. दिसायला साहेबी, स्वभावाने गरीब.

माझा जन्म न्यूअर्कच्या कारखान्यात झाला. पहिली अकरा वर्षं मी एका विमा एजंटाकडे काढली. माझ्यात फार महत्त्वाचे कागद असतात, असा त्याच्या बायकोचा समज होता. माझ्यात एक सँडविच असे. शुक्रवारी दोन. एजंट निवृत्त झाला आणि मी नदीपलीकडच्या हार्लेम वस्तीत फुटपाथवर एका फुटक्या टोस्टरशेजारी येऊन पडले. तिथून मला ऑर्विलने उचललं.

ऑर्विल लाँड्रीत साहेबलोकांच्या शर्टांना इस्त्री करायचा. आपलं प्रेम पुरुषांवर जडतं, हे त्याने घरी सांगितलं, त्याच संध्याकाळी वडिलांनी त्याचं सामान जिन्यात ठेवलं आणि आपलं आडनाव पुन्हा लावू नकोस म्हणून बजावलं. तेव्हापासून तो नुसताच ऑर्विल होता. त्याला आता एकच नाव हवं होतं: मॅग्नोलिया.

गाण्याची घराणी असतात ना, तशी हार्लेममध्ये नाचण्यामिरवण्याची घराणी असत. घराबाहेर काढलेल्यांना तिथे आई मिळे आणि आडनावही. या घराण्यांचे जलसे भरत आणि त्यांत चषकांसाठी चुरस चाले. मॅग्नोलियांची आई अ‍ॅडेला. सहा फूट उंची, वर उंच टाचा, आणि जीभ टाचांहून टोकदार. तिने ऑर्विलला सांगून ठेवलं होतं, "जलशातून एक चषक आण, मग नाव लाव. फुकट मिळेल तो घेवडा-भात, तो वाढून घे."

ऑर्विल नाचायचा सुरेख. फॅशनच्या मासिकातल्या बायका जशा ऐटीत उभ्या असतात, तसं तालावर उभं राहायचं, एका ठेक्याला एक चित्र. एका मासिकाच्या नावावरूनच त्या नाचाला व्होगिंग म्हणत. पण असं नाचणारे तिथे पैशाला पासरी होते. म्हणून त्याने 'हुबेहूब' स्पर्धा निवडली. तीत ऑफिसातला साहेब व्हायचं होतं. मनगट जरा नखऱ्याने लचकलं की बाद. रस्त्यावर असा पुरुष ओळखू आला तर मार बसण्याचे ते दिवस, त्यामुळे या कलेला फार मान होता.

परीक्षक बॅग उघडूनही बघत. त्याने माझ्यात खऱ्या फायली भरल्या. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत ऑफिसांसमोर उभा राहून तो शिकला, की साहेब बॅग झुलवत नाही. आत काही असो नसो, जड असल्यासारखी धरतो.

रविवारी दुपारी आम्ही जलशाच्या दारात पोचलो. पुकारा करणाऱ्या पर्सिवलने आम्हाला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो आत वळून कुजबुजला, "आगीच्या खात्याचा इन्स्पेक्टर आलाय."

गर्दी जास्त म्हणून हॉलला टाळं लागण्याची भीती सगळ्यांनाच होती. संगीत थांबलं. पिसं लावलेली चाळीस माणसं हात जोडून खुर्च्यांवर बसली. पर्सिवलने ऑर्विलला कॉफी दिली आणि आग विझवायचं नळकांडं दोनदा दाखवलं. ऑर्विल म्हणाला, "हं." मीही जमेल तितकी जड झाले.

मग सोनेरी झग्यात खुद्द अ‍ॅडेला आली. "साहेब, आमची प्रार्थनासभा आहे."

"आणि ही पिसं?"

"देवदूत आहेत, साहेब."

आपल्या आईनेही ओळखलं नाही! ऑर्विलला कॉफी गोड लागली. पण अर्धा तास झाला तरी पुकारा होईना. पर्सिवल परीक्षकांना म्हणत होता, हा माणूस जाईपर्यंत साहेबांची स्पर्धा घेता यायची नाही.

आता आली पंचाईत. उठून जावं तर स्पर्धा हुकते, आणि ओळख द्यावी तर परीक्षकांसमोरच सोंग मोडतं. ऑर्विलने डोळे मिटले, हातांची चौकट चेहऱ्याभोवती धरली, एक चित्र, दुसरं चित्र, आणि त्या नाचाच्या शेवटी पडतात तसा, एक पाय दुमडून धाडकन पाठीवर! मी उडाले, उघडले, फायली देवदूतांच्या पायांशी.

"अगं बाई," अ‍ॅडेला म्हणाली, "हा तर आपला इस्त्रीवाला."

हॉल हसून हसून लोळला. परीक्षकांनी मात्र त्याला बाद केलं. इन्स्पेक्टर पाठीवर पडत नाहीत, म्हणाले. चषक छत्री घेऊन साहेब झालेल्या एकाला गेला, ज्याला कुणी घाबरलंसुद्धा नव्हतं.

ऑर्विल खाली बसून फायली गोळा करत होता. अ‍ॅडेला टाचा काढून शेजारी टेकली. "तीस वर्षांत मी पोलिसाला साहेब म्हटलं नाही, घरमालकाला म्हटलं नाही. तुला म्हटलं. आता ते परत कसं घेऊ?"

"पण आई, चषक..."

"चषकावर धूळ बसते. आटप, मॅग्नोलिया, भात निवतोय."

पुढची वर्षं एड्सच्या आजाराची होती. घराण्यातली कितीतरी माणसं गेली. ऑर्विल राहिला, म्हातारा झाला, मग तोही गेला. त्याच्या पलंगाखाली माझ्यात मांजर दोनदा व्यायली. तोवर ती हातांची चौकट टीव्हीवर, रंगमंचावर, लग्नाच्या वरातींत पोचली होती. धरणाऱ्यांना ती कुणाची, ठाऊक नव्हतं.

हल्ली मी एका संग्रहालयात काचेआड असते. शेजारी चिठ्ठी आहे: 'चामड्याची ब्रीफकेस. मालक अज्ञात.'

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, उन्हापासून जपा. पण त्या कुणाच्या होत्या, तेही जपा. तुमच्यापैकी कुणाकडे पेन असेल आणि रखवालदार जेवायला गेला असेल, तर एवढं करा. मी रेक्झिनची आहे, पण 'चामड्याची' राहू द्या, ती चूक मला शोभते. 'अज्ञात' तेवढं खोडा, आणि सुवाच्य अक्षरात लिहा: ऑर्विल मॅग्नोलिया.