बटणं दोन का

दादाने फिटरचं डोकं दुसऱ्यांदा लॉकरच्या पत्र्यावर आपटलं, तेव्हा खालच्या कप्प्यातला डबा घरंगळत बाहेर आला. फिटर किरकोळ अंगाचा माणूस. तो ओरडलाही नाही. नाकातलं रक्त शर्टावर पडू नये म्हणून मान पुढे काढून उभा राहिला, जणू वाचवण्यासारखा आता शर्टच तेवढा उरला होता.

"माझ्या भावाची चार बोटं गेली," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बाकीचे मागे सरकले. "तुझीही चार घेणार. सुट्टी झाली की गेटबाहेर ये. हातोडी आणलीय मी."

"मी प्रेस तपासून दिली होती, दादा. नीट चालत होती."

"मग तिने दुसरा ठोका कसा मारला?"

त्या प्रेसमध्ये खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, बटणं दाबायची, की वरचा साचा घणासारखा खाली येई आणि पत्र्याला आकार देऊन वर जाई. दाबल्यावर ठोका एकच पडायला हवा. न दाबता दुसरा पडला, असं धाकट्याने इस्पितळातून सगळ्यांना सांगितलं होतं, आणि अपघाताच्याच सकाळी फिटरने त्या प्रेसला हात लावला होता. दादाला तेवढं पुरेसं होतं. तो सेटर, म्हणजे प्रेसवर साचे बसवणारा. खात्यात त्याच्या शब्दाला मान होता आणि मुठीला त्याहून जास्त.

"प्रशिक्षण सुरू होतंय," दारातून सेफ्टीवाली बाई म्हणाली. तिने फिटरच्या हातात कापूस कोंबला आणि दादाकडे न बघता म्हणाली, "गेटबाहेरचं गेटबाहेर. आत्ता तुम्ही माझ्या वर्गात आहात."

वर्ग कसला, त्या बंद प्रेसपुढे मांडलेली बाकडी. साहेबांना ती प्रेस पुन्हा सुरू करायची होती आणि त्यासाठी प्रशिक्षण झाल्याचा एक फोटो हवा होता. बाईने फोटो आधीच काढून टाकला, म्हणजे साहेबांची कटकट मिटली. मग रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहून नियम म्हणू लागले. "नियम चौथा. दोन्ही बटणं दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावीत." पुढच्या बाकावरचा धाकटाही म्हणत होता. त्याचा उजवा हात बँडेजमध्ये गुंडाळून गळ्यात अडकवलेला होता. नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारले असते तरी एक शब्द चुकला नसता. अपघाताच्या सकाळीही ते असेच खणखणीत म्हटले गेले होते.

"बसा," ती म्हणाली. "आज पाठांतर नको."

तिने शेजारच्या लोखंडी कपाटाच्या दारावर लोहचुंबकांनी चिठ्ठ्या लावल्या. एकेका चिठ्ठीवर एकेकच शब्द होता: प्रेस, साचा, पत्रा, बटण, हात, फिटर.

"याला संकल्पनांचा नकाशा म्हणतात. कोणाचा कोणाशी संबंध आहे ते बाण काढून दाखवायचं. पण नुसता बाण चालणार नाही. कोण कोणाला काय करतं, ते बाणावर लिहायचं. लिहिता आलं नाही तर समजायचं की आपल्याला नुसतं पाठ आहे, कळलेलं नाही."

"खजिना कुठे पुरलाय, मॅडम?" मागून कोणीतरी विचारलं. कोणी हसलं नाही.

दादा उठला. त्याने फिटरपासून हातापर्यंत सरळ बाण ओढला आणि त्यावर लिहिलं, तोडतो. शेवटच्या अक्षराला खडू मोडला. फिटर कापूस नाकाशी धरून खाली बघत राहिला. बाकड्यावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या.

बाईने ते पुसलं नाही. "असू दे. पण फिटर तेव्हा इथे नव्हता. त्याच्यापासून हातापर्यंतची वाट कुठून जाते, ती सगळी दाखवा."

"कशाला? माहीत आहे सगळ्यांना."

"मग सोपं आहे."

दादाने रागारागाने बाण ओढले. फिटर प्रेसला, बिघडवतो. प्रेस साच्याला, आपटते. साचा हाताला, चिरडतो. बटण प्रेसला, चालवतं. मग खडू फेकून हात झटकले.

"बटणं दोन का आहेत?" बाईने विचारलं.

"नियम चौथा," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"नियम कळला. दोन का?"

शेवटी याच खात्यात केस पिकलेली मावशी चाचरत म्हणाली, "एखादं चुकून दाबलं गेलं तर प्रेस सुरू होऊ नये म्हणून असेल. म्हणजे माणूस सावध असला की एकानेही भागतं. आम्ही तेच धरून चालतो, मॅडम."

"दादा, इकडे या. वीज तोडलेली आहे. दाबा दोन्ही."

दादा प्रेससमोर उभा राहिला. बटणं एकमेकांपासून लांब होती, अळंबीच्या टोपासारखी फुगीर. त्याने दोन्ही तळवे ठेवले. हे सगळं पोरखेळ असल्यासारखं तो तोंड वाकडं करून हसला.

"आता साच्यातला पत्रा काढा."

"कशाने काढू? हात तर इथे अडकलेत."

बोलून गेल्यावर त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि बाकीचा चेहरा मात्र बदलला.

मावशी केव्हा उठली ते कोणाला कळलं नाही. तिने जमिनीवरचा खडू उचलला, बटणापासून हातापर्यंत बाण काढला आणि त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, बाहेर ठेवतं. मग ओट्यावर काहीतरी ठेवावं तशी तिने ॲप्रनच्या खिशातून रबराची एक चकती काढून कपाटावर ठेवली. आणखी एकाने ठेवली. मग आणखी एकाने.

त्या चकत्या दादाने कापल्या होत्या, जुन्या पट्ट्याच्या. एका बटणात चकती ठोकून बसवली की ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने बटण आणि दुसऱ्याने पत्रा, काम झपाट्याने उरकतं. पहिली चकती त्याने धाकट्यासाठीच कापली होती, कामावरच्या पहिल्या दिवशी. नवं पोर मागे पडलं तर साहेब फाडून खातील, ही त्याची काळजी.

"दुसरा ठोका पडला," धाकटा घाईघाईने म्हणाला. "मी न दाबता पडला. सांगितलंय ना मी सगळ्यांना."

दादाने मान वळवली नाही. "चकती कुठे होती तुझी?"

"नव्हती."

"माझ्याशी बोलतोयस."

धाकट्याने बँडेज पोटाशी घेतलं. "काढून टाकली मी," तो म्हणाला. "तू धावत यायच्या आधी."

"कोणत्या हाताने?"

"डाव्या."

"आणि उजवा?"

"उजवा आतच होता, दादा."

बाईने तोंडावर रुमाल धरला. इतकी वर्षं ती नियम शिकवत होती आणि याआधी एकदाही कोणाला 'का' म्हणून विचारलं नव्हतं, याची तिला लाज वाटली.

तेवढ्यात फिटर उठला. कापूस त्याने खाली टाकला, बाकड्यांमधून वाट काढत तो प्रेसपाशी आला आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं एकवटून त्याने दादाच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. दुसरा कानशिलावर बसला, आणि दादाचं कपाळ प्रेसच्या लोखंडावर आदळलं. फिटरला एका झटक्यात जमिनीवर लोळवता येईल एवढी ताकद दादाच्या अंगात होती, हे त्याच्यासकट सगळ्यांना माहीत होतं. दादाने तोंड चुकवलं नाही. त्याचे दोन्ही तळवे बटणांवर होते तिथेच होते.

तिसऱ्यांदा उगारलेली मूठ फिटरने खाली घेतली. त्याला धाप लागली होती.

"हात काढ," तो म्हणाला.

दादा आणखी जोराने दाबत होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"दादा, बंद आहे प्रेस. काढ हात."

ऐकू गेलं की नाही कोण जाणे. फिटर वाकला आणि त्याचं एकेक बोट बटणावरून सोडवू लागला.