जाड कोटातला केस

जमिनीला इपॉक्सी रंगाचा जाड थर, म्हणजे कोट, लावायचा तर डोकं थंड लागतं, असं माझे भावोजी अंबादास सांगतात. त्यांचं स्वतःचं कधीच नव्हतं. नवा रोलर आधी चिकटपट्टीवर फिरवून त्याची लव काढायची, रंग लावताना तो दाबायचा नाही, शेवटचा हात हलका आणि एकाच दिशेने, दाराकडे. एवढं जमलं की जमीन आरशासारखी. नाही जमलं की भावोजी गाळा डोक्यावर घेतात.

माझी थोरली बहीण मीरा त्यांच्यासोबत हेच काम करायची. मरोळला एका कंपनीच्या गाळ्यात दोघांनी राखाडी जमीन केली, तेव्हा तिचा एक लांब केस रंगात पडला. दिसला तोवर कोट सुकायला लागला होता, आणि सुकत्या रंगात बोट घालायचं नसतं.

"केस बांधता येत नाहीत का गं? अख्ख्या फिनिशची वाट लावलीस!"

त्यावरून भावोजींनी कितीतरी दिवस अबोला धरला. ताईच हे हसून सांगायची.

मग तिला कॅन्सर झाला. औषधांनी आधी केस गेले, मग ती गेली. उशीवरचे, फणीतले केस तिने स्वतःच गोळा करून टाकले होते. घरात एकही उरला नाही.

यंदा तीच जमीन पुन्हा करायला घेतली. ताईच्या जागी मी. जुना कोट मशीनने घासावाच लागतो, नाहीतर नवा धरत नाही. कपाट हलवून मी कोपऱ्यात मशीन नेली आणि भावोजी ओरडले, "थांब, माधुरी!"

रंगात रुतलेला तो केस तसाच होता.

ते पालथे पडून ब्लेडने कडा कोरू लागले. टवका निघेना. निघाला तेव्हा त्याच्याबरोबर केसाचा भुगा झाला. उरलेलाही तसाच गेला.

"इतका पक्का कशाला लावला मी?" म्हणत ते रडायला लागले. मला त्यांचा राग आला. याच केसापायी हा माणूस तिच्याशी बोलत नव्हता.

शेवटी तेच म्हणाले, "घास."

मी घासलं. कोट लावला. शेवटचा हात त्यांनी मारला, दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मॅनेजरसाहेब आले, कोपऱ्यात वाकून बघू लागले.

"झकास, अंबादास! मागच्या वेळी इथे केस राहिला होता ना?"

"हो साहेब," भावोजी म्हणाले. "आता नाही."