खटका खाली राहिला तो दिवस

मित्रांनो, मी या खणात पडून असते, पण स्वस्थ नसते. मी एक जुने पिस्तूल आहे.

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या कुशीला एक छोटा खटका बसवला. तो अंगठ्याने वर केला की माझा चाप आणि गोळीवर घाव घालणारा घोडा, दोन्ही हलत नसत; खाली केला की मी जागे. आत दुसरा कुठलाच अडसर नव्हता. सगळी मदार माणसाच्या अंगठ्यावर.

बँकेवर पहारा देणाऱ्या बाईंनी मला अकरा वर्षे कमरेला बाळगले. येता-जाता त्यांचा अंगठा खटका चाचपून जाई. रोखपाल हसत.

“बाई, पळून जातंय का ते?”

“पळून गेलं तर बरं,” त्या म्हणत. “जागं राहिलं तर पंचाईत.”

एकदा त्या रजेवर गेल्या आणि मी बदली पहारेकऱ्याकडे आले. त्याला सवय नव्या पिस्तुलाची. तसल्या पिस्तुलाला बाहेर खटका नसतो. आत एक पिन असते, ती चाप पुरता ओढल्याशिवाय गोळीवर घाव बसूच देत नाही. त्याने माझ्यात गोळी चढवली आणि खटका खालीच राहिला. दुपारी हात धुताना त्याने पट्टा खुंटीला अडकवला. मी निसटले, फरशीवर आपटले आणि गोळी सुटली.

सफाईवाल्या मावशींच्या बादलीला आरपार भोक पडले. त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर.

“मी चापाला हातही लावला नव्हता हो!” तो रडकुंडीला आला. खरेच होते ते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मग सर्वांना नवी पिस्तुले मिळाली आणि मी बँकेमागच्या खोलीत शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या या खणात आले. बाई दुसऱ्याच दिवशी आपले नवे पिस्तूल घेऊन मिस्त्रींकडे आल्या.

“मिस्त्री, हे तर कायम जागंच!”

“पडलं तर आतली पिन सांभाळेल,” मिस्त्री म्हणाले. “पण चाप ओढला की ती वाटेतून बाजूला होते. बोट कुणाचं, ते तिला कळत नाही.”

काल त्याच सफाईवाल्या मावशी मिस्त्रींची खोली पुसायला आल्या. मला मेजावर पाहून दारातच थबकल्या.

“रिकामं आहे?”

मिस्त्रींनी मला उघडून दाखवले.

“परत दाखवा.”

त्यांनी परत दाखवले. चिडले नाहीत. मग मावशी आत आल्या.

मित्रांनो, माझ्यासारखे काही कुठे दिसले, तर बाहेर खटका असो वा आत पिन, हात लावू नका. मागे सरा, मोठ्यांना हाक मारा. आणि कोणी सहज म्हणाले, “रिकामंच आहे”, तरी दारातच थांबा.