दुसरी नर्स

माझा धाकटा भाऊ आमदार आहे. जगाला तो साहेब, मला गुंड्याच. तीन वेळा निवडून आला. पहिल्या खेपेला त्यानं रस्ते केले, दुसऱ्या खेपेला त्या रस्त्यांवर कमानी उभ्या केल्या आणि तिसऱ्या खेपेला कमानींवर स्वतःचे फोटो लावले. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते. तो हसतो. कुणी शिव्या दिल्या तरी हसायची सवय त्याला लागली आहे.

मी चौतीस वर्षं नर्स होते, आडवळणाच्या आरोग्य केंद्रात, एकटी. माझी मुलगीही नर्स झाली आणि तशाच एका केंद्रात एकटीच आहे. बाळंतिणीकडे घरी गेली की केंद्राला कुलूप, केंद्रात थांबली की बाळंतीण वाऱ्यावर. आता तिला स्वतःलाच सातवा महिना लागलाय. रजा मागितली, तर वरून उत्तर आलं, बदली नर्स मिळाली की जा. बदली कुठून मिळणार? मंजूर जागाच एक! लोकांची बाळंतपणं करणारी माझी पोर स्वतःच्या बाळंतपणाला अडकून पडली होती आणि मी आई असून हात चोळत बसले होते.

म्हणून मी गुंड्याच्या मागे हात धुऊन लागले. प्रत्येक केंद्रात दोन नर्स असाव्यात, एवढंच सांगणारं विधेयक त्यानं मांडावं. चार कलमं होती, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलेली. मंत्री नसलेल्या आमदारांच्या विधेयकांसाठी चिठ्ठ्या टाकतात. पंधरा वर्षांत गुंड्याची चिठ्ठी पहिल्यांदा निघाली.

विधेयक चर्चेला येणार होतं त्या दिवशी सकाळी मी आमदार निवासातल्या त्याच्या खोलीत होते. पक्षाचे प्रतोद आले. प्रतोद म्हणजे कुणी केव्हा हात वर करायचा ते सांगणारा माणूस.

"साहेब, भाषण जोरात करा," ते म्हणाले. "मग मंत्री आश्वासन देतील, तुम्ही विधेयक मागे घ्या. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?" मी विचारलं.

"पद्धत आहे ताई. सरकारचाही मान राहतो, सदस्याचाही."

"आणि नर्स?"

प्रतोदांनी बिस्कीट चहात बुडवलं. ते मोडून कपात पडलं, आणि ते चमच्यानं काढण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. मग उठून गेले.

"गुंड्या, मागे घेतलंस तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

"नाही घेणार ताई. तुझी शपथ."

"माझी घेऊ नकोस. मला अजून जगायचंय."

दुपारी मी सभागृहाच्या गॅलरीत गेले. फोन आणि पिशवी दारातच काढून घेतली. मार्शलनं बजावलं, बोलायचं नाही, टाळी नाही, उभं राहायचं नाही, हातवारे नाहीत.

"शिंक आली तर?"

"दाबायची."

पुढे कठडा, मागे मार्शल, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. बसले मुकाट्यानं.

खाली बहुतेक बाकं रिकामी होती. नर्सला खाटा मोजायची सवय असते, मी माणसं मोजली. सरकारच्या बाजूला गुंड्या धरून अठरा, विरोधकांचे एकवीस. आणि विरोधकांचा पाठिंबा होता, तसं पेपरातच आलं होतं. म्हणजे डोकी मोजली तर विधेयक पास! मी पुन्हा एकदा मोजली. कायदा अंमलात यायला वेळ लागतो हे मलाही कळतं, पण नुसतं पास झालं असतं तरी खात्याची झोप उडाली असती.

गुंड्या छान बोलला. एकदा आवाजही भरून आला, आणि तो खोटा नव्हता. मंत्री म्हणाले, भावनांशी सहमत आहोत, तपासून पाहू. अध्यक्षांनी विचारलं, "सदस्य विधेयक मागे घेत आहेत का?"

प्रतोदांनी मान वळवली. गुंड्या उठला. "नाही, अध्यक्ष महोदय. मत घ्यावं."

आयुष्यात पहिल्यांदा मला या पोराचा अभिमान वाटला.

"बाजूनं असतील त्यांनी 'होय' म्हणावं." समोरची बाकं बोलली. गुंड्याही बोलला. हळू, पण बोलला.

"विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं."

त्याच्या बाकांवरून गर्जना उठली, आणि त्या गर्जनेत गुंड्याचा आवाज होता. खणखणीत! पाळण्यात होता तेव्हापासून मी तो ओळखते. पंधरा वर्षं शेजाऱ्यांच्या सुरात सूर मिसळलेला माणूस. शेजारून 'नाही' उठलं की त्याच्या घशातून आपसूकच निघतं. स्वतःच्याच विधेयकाला 'नाही' म्हणून तो तोंड उघडं टाकून बसला.

"'नाही'चा आवाज मोठा वाटतो," अध्यक्ष म्हणाले आणि थांबले. डोकी मोजा, असं आता म्हणायचं होतं. ते विधेयक मांडणाऱ्यानंच म्हणायचं, अशी तिथली रीत. समोरचे एक म्हातारे आमदार त्याला खुणावत होते, उठा, मागा. ऊठ, मेल्या, मी मनात ओरडत होते. पण उठला असता तर शेजारच्यानं विचारलं असतं, साहेब, आत्ताच तर 'नाही' म्हणालात ना?

तो उठला नाही. विधेयक फेटाळलं गेलं. मी कठडा घट्ट धरून बसले, कारण ओरडायची सोय नव्हती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो घाम पुसत आला. "ताई, सवयीनं गेलं गं तोंडातून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वरपर्यंत ऐकू आलं का?"

"मला आलं."

"बाकी कुणाला नाही ना?"

तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू कोसळलं. फोन परत मिळाला तेवढ्यात मुलीचाच आला. "आई, काय झालं?"

"फेटाळलं गं."

"बरं. पेशंट आलीय, ठेवते."

मी डोळे पुसले. "गुंड्या, गाडी दे. मी तिच्याकडे चालले. बाळ होईपर्यंत आणि पुढेही, मीच तिथली दुसरी नर्स." माझे गुडघे गेलेत, म्हणून तर नोकरी सोडली होती. तसल्या एकटीच्या केंद्रातून सुटायला मला चौतीस वर्षं लागली, आणि आता माझ्याच पायांनी पुन्हा आत जायचं होतं. पण दुसरं होतं कोण?

गुंड्याचा चेहरा उजळला. त्या दिवसात पहिल्यांदाच तो मोकळं हसला. "म्हणजे तिचा प्रश्न मिटला की, ताई!"

आणि लगेच त्यानं सहायकाला हाक मारली. "लिहून घे. यंदाच्या कार्य अहवालात टाक, केंद्राला दुसरी नर्स मिळवून दिली."

मी त्याच्याच गाडीत बसले. त्या बाजूला जाणारी दुसरी गाडी नव्हती.