सोमवारची मोजणी

उद्यमनगरच्या रस्त्यावर डाव्या कडेला प्लास्टिकचे खांब बसवून सायकलींसाठी पट्टा वेगळा काढला, त्याला तीन महिने झाले होते. तो ठेवायचा की काढायचा, हे महापालिकेच्या बुधवारच्या बैठकीत ठरणार होते. अट सोपी होती. एका सकाळी सात ते दहा या वेळात तीनशेहून जास्त सायकली गेल्या तर खांब राहतील, नाहीतर निघतील.

त्याआधीच्या बैठकीत मोजायचे काम माझ्याकडे आले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायला आमच्या प्रयोगशाळेत अंगठ्याने दाबायची यंत्रे आहेत. दाबले की आकडा एकाने वाढतो. "जंतू मोजणाऱ्या बाईंना सायकली काय अवघड?" असे कुणीतरी म्हणाले आणि विषय संपला.

दिवस मी निवडला. सोमवारी माझी प्रात्यक्षिके नसतात, म्हणून सोमवार. दुकानदारांच्या वतीने बसाप्पा आले होते. त्यांचे बेअरिंगचे दुकान त्या रस्त्यावर आहे आणि खांबांमुळे त्यांच्या दारात टेम्पो लागत नव्हता. सोमवार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिले. मग म्हणाले, "चालतंय की."

सायकलवाल्यांना दिवस कळवायचा नाही, हा आग्रहही माझाच. कळले की लोक मुद्दाम येतात, मग त्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून मी बनाबाईंनाही सांगितले नव्हते.

बनाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, ओतकामाच्या साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे त्या करतात. बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या. त्यांच्या खात्यातली सायकलवर येणारी ती पहिली बाई; दोन वर्षांत चौदा झाल्या. पाळी साडेसातला सुरू होते आणि आमच्या भागातली पहिली बस आठला येते. गेल्या वर्षी एका टेम्पोचा धक्का लागून त्यांचा हात मोडला, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने सायकल माळ्यावर टाकली होती. पट्टा झाला तेव्हा ती खाली उतरली. खांब निघाले तर ती परत माळ्यावर जाणार आणि बनाबाईंचे काम सुटणार, हे मला ठाऊक होते. मोजताना ते मनात आणायचे नाही, असे मी ठरवले होते.

सोमवारी पावणेसातला मी बसाप्पांच्या दुकानासमोर खुर्ची टाकली. एक डॉक्टर गेले. माझ्याच कॉलेजातले दोघे गेले. दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली गेल्या. मग बराच वेळ कुणीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना नजर क्षेत्राबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी वीस वर्षांची सवय आहे. मी पट्ट्यावरून नजर हलवली नाही. बनाबाई आल्या नाहीत. आजारी असतील, असे वाटले.

दहा वाजता बसाप्पा आले. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. त्यांनी मोजणीचा कागद पाहिला.

"एकशे अठरा," ते म्हणाले, "बरं." आणि सही केली.

संध्याकाळी मी बनाबाईंकडे गेले. त्या दारात गोधडी झटकत होत्या.

"बरं नाही का? आज कामावर जाताना दिसला नाहीत."

"मला काय धाड भरलीय? सुट्टी न्हवं आज."

"कसली सुट्टी?"

"अवो, सोमवार न्हाय व्हय! सोमवारी समदं उद्यमनगर बंद असतंय. इतकी वर्सं कोल्हापुरात ऱ्हाताय आणि एवढं ठावं न्हाय?"

ठाऊक होते. सोमवारी मिक्सरचे भांडे तिथे दुरुस्तीला घेऊन जाऊन, बंद शटर पाहून मी दोनदा परत आले होते. पण ते माझ्या डोक्यात मिक्सरच्या कप्प्यात होते. मोजणीच्या कप्प्यात फक्त कॉलेजचे वेळापत्रक होते.

मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी गोधडीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"म्हंजे आमी घरात बसलेल्या दिवशी आमाला मोजलं तुमी?"

"हो."

"मग मोजा की परत. आमी बाया दोन-दोन फेऱ्या मारतो. एकीच्या दोन हुत्यात, चार करायच्या तर चार करू."

"तसं चालायचं नाही."

"कुणाला कळतंय त्ये?"

"मला कळतंय."

बनाबाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "शिकलेल्या माणसाचं लई अवघड असतंय बाई," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आत आमच्या मालकानं अजून ऐकलेलं न्हाय. त्या बसाप्पाला गाठा आधी."

मी तशीच शाहूपुरीत बसाप्पांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने, शांतादेवींनी उघडले. बसाप्पा झोपाळ्यावर होते. मी उभ्यानेच सांगितले की दिवस निवडताना माझी चूक झाली, कारखाने बंद असताना मोजलेला आकडा त्या रस्त्याचा नाही, आणि उद्या पुन्हा मोजायला त्यांची संमती हवी.

"चूक तुमची," बसाप्पा म्हणाले, "मला कुणी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माझंच दुकान सोमवारी बंद असतंय. मला म्हाईत नसंल तर कुणाला?"

"अक्का, तुम्ही बसा," शांतादेवी मला म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "दुपारी भाकरी का जाईना, ते आत्ता कळलं. म्हणत होता, पोट जड झालंय."

"तू गप."

"गप कशाला? आमच्या कुरुंदवाडला सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. बसवण्णाचा दिवस. त्या दिवशी बैल गोठ्यात बघून कुणी म्हणतंय का, ह्याला वढाय येत न्हाय, इकून टाका?"

बसाप्पांनी पायाने झोपाळा थांबवला.

"उद्या मोजा," ते शेवटी म्हणाले. "पण दुसरं यंत्र माझ्या हातात. आणि तीनशेला एक जरी कमी पडली, तर परत माझ्या दारात यायचं न्हाय."

"कबूल."

मी रस्त्यावरूनच महापालिकेच्या अभियंत्यांना फोन केला. दोघांची सही असेल तर नवा कागद चालेल, असे ते म्हणाले. वाटेत बनाबाईंना एवढेच सांगितले, की उद्या नेहमीसारखे यायचे, एकदाच. आणि हे दुसऱ्या कुणाला बोलायचे नाही.

मंगळवारी सातला सायकली एकेकट्या होत्या. सव्वासातला त्या तीन-चारच्या घोळक्याने येऊ लागल्या. सात वीसला माझा अंगठा थांबेना. डबे लावलेल्या, पदर खोचलेल्या, ग्रीसच्या डागांचे शर्ट, एक नवी कोरी निळी, बऱ्याच आजोबांच्या काळातल्या वाटाव्यात अशा जुन्या. बसाप्पा प्रत्येक सायकलीला मोठ्याने "ही एक" म्हणत होते. त्यामुळे माझे लक्ष दोनदा उडाले.

एक माणूस पंक्चर झालेली सायकल ढकलत आला.

"धरायची न्हाय," बसाप्पा म्हणाले.

"नाही धरत," मी म्हणाले. चालवत नेलेलीच मोजायची, असे कागदावर लिहिले होते.

बनाबाई सात चोवीसला गेल्या. आमच्याकडे पाहिले नाही. ओठ घट्ट मिटलेले, हसू दाबल्यासारखे. मी त्यांचा एकच आकडा दाबला.

आठ वाजून सहा मिनिटांनी माझ्या यंत्रावर तीनशे एक आले. बसाप्पांनी वाकून माझे यंत्र पाहिले, मग आपले पाहिले.

"आता उठायचं?"

"दहापर्यंत ठरलंय."

"तुमी बाई भारी चेंगट," असे म्हणून त्यांनी दोन चहा सांगितले आणि पुढच्या सायकलीला "ही एक" म्हणाले.

दहाला माझे चारशे छत्तीस झाले, त्यांचे चारशे एकोणचाळीस. "माझा अंगठा जाड हाय," ते म्हणाले. आम्ही लहान आकडा लिहिला. दोघांनी सह्या केल्या.

बुधवारची बैठक अकरा मिनिटांत संपली. टेम्पोसाठी मागच्या बोळात जागा आखून द्यायचे ठरले आणि बसाप्पांनी त्यावर फार वाद घातला नाही.

मी थेट बनाबाईंच्या दारात गेले.

"खांब राहिले," मी म्हणाले.

त्या उंबऱ्यावर बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, मग उगाच पुन्हा केला. "मालकाला तुमीच सांगा. माझं सांगितलेलं त्येला खरं वाटायचं न्हाय."

मी आतल्या बाजूला आवाज दिला. तीनशेची अट होती, चारशे छत्तीस झाल्या, खांब कायमचे राहणार, असे सांगितले.

मग आतून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला.

"ऐकलं. मागल्या चाकात हवा कमी हाय तिच्या. सकाळी भरून ठेवतो."